टीव्हीवर दाखवतात तशी सुरी खरंच तीन तासांत बनते का?

तीन तासांत पातं तयार होतं, हे खरं आहे. २०१५ साली हिस्टरी वाहिनीवर सुरू झालेल्या ‘फोर्ज्ड इन फायर’ या पाती घडवण्याच्या स्पर्धेतले स्पर्धक जे घडवतात, ती कॅमेऱ्याची करामत नाही. सराईत हात साध्या सुरीचं पातं ऐरणीवर तासाभरात ठोकून काढतो. पण पुढचा प्रश्न असा की मग कारागीर एका सुरीला कित्येक दिवस का लावतात. त्याचं कारण असं की सुरीचा कस ठोकण्यात ठरतच नाही. तो ठरतो पोलादाला पाणी देताना, म्हणजे तापवून झटकन थंड करून कठीण करताना, आणि हे काम कार्यक्रमात दोन मिनिटांत उरकलेलं दिसतं.

१०८४ हे नवशिक्यांचं आवडतं पोलाद घ्या. त्यात कार्बन साधारण ०.८४ टक्के. ते ८१५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून तेलात बुडवायचं. ७७० अंशांना पोलादाला लोहचुंबक चिकटेनासा होतो, म्हणून भट्टीजवळ चुंबक ठेवतात. तो सुटला की आणखी थोडं तापवायचं. रंगावर विसंबायचं तर जागा अंधारी हवी, कारण जे पोलाद सावलीत केशरी दिसतं ते उन्हात काळपट लाल वाटतं. पडद्यावरचा रंग बघून तर अंदाज बांधूच नका.

तेल ५० ते ५५ अंशांपर्यंत कोमट केलेलं असतं. थंड तेल घट्ट असतं, पात्याभोवती भरभर फिरत नाही आणि उलट सावकाश थंड करतं. साध्या पाण्यात बुडवलं तर पात्याला तडा जाण्याचा धोका असतो. तेलातून उठणारा ज्वाळेचा लोळ दृश्य म्हणून छान दिसतो, पण तापलेला भाग तेलाच्या वर राहिला की तो उठतो. पातं झटकन पूर्ण बुडालं तर ज्वाळा लहान राहते.

तेलातून निघालेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. कठीणपणा रॉकवेल या मापावर ६५ च्या आसपास, फरशीवर पडलं तरी तुटू शकतं. म्हणून ते लगेच २०० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास, मग थंड करून पुन्हा दोन तास ठेवायचं. हे टेम्परिंग. कठीणपणा ६० वर येतो आणि चिवटपणा मिळतो. चार तास बंद ओव्हन कोण दाखवणार? पण हे टेम्परिंग वगळलं तर बाकी सगळं काम वाया.

घाईतली दुसरी चूक पातं मोडल्यावर दिसते. परीक्षक तुटलेली कड जवळून न्याहाळतात ना, ते पोलादाचा कण, म्हणजे त्याच्या आतले बारीक स्फटिक, बघत असतात. जास्त तापवलेल्या पोलादात कण वाढतात आणि तुटलेला भाग जाड साखरेसारखा चमकतो. उपाय सोपा: ठोकून झाल्यावर तीनदा, दर वेळी आधीपेक्षा थोडं कमी तापवून, वाऱ्याविना हवेत काळं पडेपर्यंत थंड होऊ द्यायचं. कण पुन्हा बारीक होतो. घड्याळ पळत असलं की पहिली कात्री इथेच लागते. धारेची कड पाणी देण्याआधीच फार पातळ घासली तर ती तेलात लाटेसारखी वाकते. तिथे १ मिलिमीटर तरी जाडी ठेवावी. उरलेलं नंतर घासायचं, दर फेरीला पातं पाण्यात बुडवून. ग्राइंडरवर धार निळी पडली म्हणजे ती ३०० अंशांच्या आसपास गेली आणि तेवढा भाग मऊ झाला. पुढे नुसतं धार लावून तो सुधारत नाही, निळा भाग पूर्ण घासून टाकावा लागतो.

दमास्कस, म्हणजे थर जोडून केलेल्या नक्षीदार पोलादाबद्दल टीव्ही सर्वात जास्त गैरसमज पसरवतो असं मला वाटतं. थर वाढले म्हणून सुरी बळकट होत नाही. १०८४ आणि सुमारे २ टक्के निकेल असलेलं १५एन२० असे दोन पोलाद थरांनी जोडले, की फेरिक क्लोराइड या पोलाद खाणाऱ्या द्रावणात बुडवल्यावर पहिलं काळं पडतं, दुसरं उजळ राहतं. नक्षी ती एवढीच. थरांमध्ये खपली (तापलेल्या पोलादावर चढणारा काळा थर) किंवा हवा राहिली तर जोड सुटतो; तो ‘टक’ आवाज आणि स्पर्धकाचा पडलेला चेहरा मात्र अगदी खरा असतो.

कार्यक्रमातल्या परीक्षांचं काय? हाडं आणि बर्फाची लादी तोडणं ही जाड, जड पात्याची परीक्षा आहे. चांगल्या स्वयंपाकाच्या सुरीची पाठ २ मिलिमीटर आणि धारेमागची जाडी ०.३ मिलिमीटरच्या आसपास असते. तिने हाड तोडलंत तर टवका उडेल आणि दोष सुरीचा नसेल. तिच्यासाठी पिकलेला टोमॅटो न दाबता कापून बघावा.

आणि मालिकांमधला तो प्रसंग, वितळलेलं लोखंड साच्यात ओतून तलवार काढण्याचा, तो साफ चूक आहे. तशी पाती कांस्याची ओतत असत. पोलादाची तलवार ठोकूनच घडवत.

पुढचा भाग बघताना घणापेक्षा भट्टीकडे लक्ष ठेवा: कोण पातं आगीत विसरतो, कोण चुंबक लावतो, कोण तेलात सरळ उभं बुडवतो आणि कोण तिरकं. शेवटच्या फेरीत कोणाचं पातं वाकणार याचा अंदाज बहुतेकदा तिथेच येतो.