एक्स्चेंजवर दोन रुपये, बिलात दहा: असे का?

प्रश्न : वीज एक्स्चेंजवर दुपारी युनिट दोन-अडीच रुपयांना जाते म्हणतात. मग आमच्या कारखान्याला ती का मिळत नाही? सगळे खाजगी केले तर वीज स्वस्त आणि मुबलक होईल का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तो भाव खरा असतो, पण तो फक्त विजेचा. तुमच्या मीटरपर्यंतचा खर्च त्यात नसतो. एक्स्चेंज म्हणजे वीज खरेदी-विक्रीचा बाजार. तिथे दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ भाग पाडतात. उद्याच्या विजेची बोली आज सकाळी १० ते १२ लागते आणि मागणी-पुरवठा जिथे जुळेल तो भाव सगळ्यांना. दुपारी सौर वीज भरपूर, म्हणून भाव पडतो. ऊन उतरले की तोच भाव कडक उन्हाळ्यात १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन भिडतो.

त्यावर पारेषण आणि वहन आकार (मोठ्या आणि स्थानिक वाहिन्यांचे भाडे), क्रॉस-सबसिडी अधिभार, अतिरिक्त अधिभार (वीज कंपनीने तुमच्यासाठी आधीच केलेल्या करारांचा स्थिर खर्च) चढतात. गळतीही तुमच्याच माथी. समजा भाव ३ रुपये आणि एकूण गळती १० टक्के, तर १०० युनिट घेऊन हाती ९० येतात, म्हणजे इतर आकार धरण्याआधीच ३ रुपये ३३ पैसे. क्रॉस-सबसिडीचा अधिभार मनमानी नाही. शेतीपंपांच्या सवलतीचा भार उद्योगांच्या दरावर असतो, आणि तुम्ही बाहेर पडलात तरी ती सवलत चालूच राहते. ती सरळ सरकारी तिजोरीतून द्यावी, हे आमचे स्पष्ट मत आहे.

मंजूर भार १०० किलोवॅट असेल तर हरित वीज (सौर, पवन वगैरे) ओपन अॅक्सेसने, म्हणजे महावितरणच्या वाहिन्या वापरून दुसऱ्या विक्रेत्याकडून, घेता येते. इतर विजेसाठी १ मेगावॅट लागतो. १५ मिनिटांची नोंद ठेवणारा मीटर हवाच. हरित विजेचे प्रमाण किमान १२ भाग, म्हणजे ३ तास, बदलता येत नाही. गडबड इथेच होते: अचानक माग बंद पडले तर घेतलेली वीज अंगावर येते. शिवाय महावितरणकडचा करार ठेवलात, तर मागणी आकार (करारातल्या भारावरचा स्थिर आकार) सुटत नाही.

आता खाजगीचे. खाजगी म्हणजे बाजार नव्हे. एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाचा राज्य वीज मंडळाशी करार निविदेविना झाला होता. वीज उचलली नाही तरी मंडळाला पैसे मोजावे लागत. २००१ मध्ये मंडळाने खरेदी थांबवली. उलट २०१७ मध्ये राजस्थानातील भाडला सौर पार्कसाठी कंपन्यांत चढाओढ लागली आणि दर २ रुपये ४४ पैशांवर आला. मात्र तिथे तयार जमीन, वाहिन्या आणि २५ वर्षांच्या खरेदीची हमी आधीच होती. स्पर्धेने भाव उतरतो, पण वाहिन्या आधी कोणीतरी टाकाव्याच लागतात. संध्याकाळच्या टंचाईवर साठवणूक हवी, आणि तिचा खर्चही दरात येणारच.

अर्जाआधी मीटरच्या १५ मिनिटांच्या वर्षभराच्या नोंदी काढा. सकाळी १० ते दुपारी ४ मध्ये किती भार सरकवता येतो ते पाहा. तो थोडाच असेल, तर छतावरच्या सौर पॅनेलचे अंदाजपत्रक आधी मागवा. त्या विजेला वाटेतली गळती नाही.