पाहुणे येणार, तर ह्यांना आत बसवू का?

ताई, तुमचं सांगलीहून आलेलं पत्र वाचलं. पाच महिन्यांपूर्वी मिस्टरांना पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवा हात अजून नीट उचलत नाही आणि बोलणं असं झालंय की चहा हवा असला तरी 'किल्ली', बाथरूमला जायचं असलं तरी 'किल्ली'. पण रामरक्षा घडाघडा म्हणतात, चिडले की शिवी पण स्पष्ट येते, म्हणून दीर म्हणतात नाटक आहे आणि जाऊबाई म्हणतात डोक्यावर परिणाम झालाय. आता मुलीला बघायला पाहुणे येणार तर ह्यांना आतल्या खोलीत बसवा असा सगळ्यांचा आग्रह, आणि तुम्ही विचारताय की बसवू का.

नका बसवू. मुलीचे वडील आहेत ते, बाहेरच बसतील.

त्यांचं बोलणं असं अडलंय, ह्याला अफेजिया म्हणतात. बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते आणि उजवा हात-पायसुद्धा डावीच बाजू चालवते, त्यामुळे तिथला रक्तपुरवठा तुटला की हात आणि बोलणं बरेचदा एकदमच जातं. माणूस तोच असतो, आठवणी असतात, तुम्ही कोण हे त्यांना पक्कं माहीत असतं, फक्त हवा तो शब्द हाताला लागत नाही. १८६१ मध्ये पॅरिसला ब्रोका नावाच्या डॉक्टरकडे एक पेशंट होता, तो कित्येक वर्षं कशालाही फक्त 'टॅन' म्हणायचा, पण समोरच्याचं बरंचसं कळायचं त्याला, तो वारल्यावर मेंदू तपासला तर डावीकडे पुढच्या भागात इजा. तुमच्याकडची किल्ली म्हणजे तसलाच प्रकार. (काहींचं उलट होतं, भराभर बोलतात पण अर्थ लागत नाही आणि दुसऱ्याचंही नीट कळत नाही. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाहीये, पण समजणं किती शाबूत आहे ते स्पीच थेरपिस्टने तपासायला हवंच.)

आणि रामरक्षा? पाठ झालेलं, आकडे, गाणी, शिव्या हे सगळं विचार करून जुळवावं लागत नाही, आपोआप येतं, म्हणून ते शाबूत राहतं. दीरांना हे सांगाच, कारण नाटक करणारा माणूस किल्ली-किल्ली करत रडत नाही हो.

एक विनंती, घरातली परीक्षा बंद करा. तुम्हीच लिहिलंय की येणारा-जाणारा पेला दाखवून 'हे काय, सांगा बरं' विचारतो, साठीच्या माणसाला चारचौघांत बालवाडीत बसवल्यासारखं होतं ते. त्यापेक्षा टीव्ही बंद करून समोर बसा, छोटं वाक्य बोला, चहा की कॉफी असं दोन्ही डबे दाखवून विचारा आणि मग थांबा. आपल्याला ते थांबणं जमत नाही, आपण लगेच त्यांचं वाक्य पुरं करतो. ओरडून पण बोलू नका, कान ठीक आहेत त्यांचे. वेखंड उगाळून जिभेवर लावायचा सल्ला सोडून द्या, जिभेचा काही दोषच नाहीये इथे, आणि पाणी-चहा पिताना ठसका लागत असेल तर ते आधी डॉक्टरांना सांगा, गिळण्याचा त्रास पण अशा वेळी होतो.

स्पीच थेरपी लवकर सुरू करा. सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा जास्त वेगाने होते हे खरं, पण सहा महिन्यांनी दार बंद होतं असं जे कोणी तुम्हाला सांगितलं ते चूक आहे, नंतरही सुधारतात लोक. मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजात चौकशी करा, मुंबईला वांद्र्यात बोलण्या-ऐकण्याच्या त्रासांसाठी अली यावर जंग संस्था आहे, आणि खाजगीत गेलात तर थेरपिस्टकडे रिहॅबिलिटेशन काउन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे का ते बिनधास्त विचारा. अफेजिया कायमचा राहिलाच तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यात तो येतो, सर्टिफिकेट मिळू शकतं, पण ती पुढची गोष्ट. ते गप्प-गप्प राहतात, जेवत नाहीत म्हणता, ते मात्र डॉक्टरांच्या कानावर घाला, स्ट्रोकनंतर, म्हणजे अशा अटॅकनंतर, डिप्रेशन खूप जणांना येतं आणि त्यावर औषध असतं.

पाहुण्यांना आधीच फोन करून सांगा की ह्यांना स्ट्रोक झालाय, बरंचसं कळतं पण शब्द येत नाहीत, घाई करू नका. मुलीलाही हे सांगू द्या, तिला हवंच असेल. एवढं ऐकून जे मागे फिरतील ते आत्ताच फिरलेले बरे ना?

आणि दीर ज्या जमिनीच्या कागदावर अंगठा मागतायत, तो आत्ता देऊ नका. अफेजियात हो म्हणायचं असताना नाही आणि नाहीच्या जागी हो निघून जातं, मान पण उलटी हलते कधी कधी. थेरपिस्टने तपासून सांगेपर्यंत कागद कपाटात ठेवा, आणि त्यानंतरही सही करायची वेळ आली तर ओळखीतला वकील समोर असू द्या.