फ्रिजमधल्या बिनलेबलच्या पेप्टाइड वायल घरी ओळखता येतात का?

नाही येत. मी फार्मासिस्ट आहे, आमचं मेडिकल आहे, रोज शेकडो औषधं हातातून जातात, तरी तुमच्या त्या वायल, म्हणजे इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या, माझ्यासमोर आणून ठेवल्या तरी मला सांगता येणार नाही कुठली कुठली आहे ते. त्यामुळे सरळ उत्तर असं की त्यातली एकही टोचायची नाही, सगळ्या टाकायच्या. आता का ते सांगतो, कारण तुम्हाला भावाला पटवायचंय आणि नुसतं "टाकून दे" म्हटलं तर तो ऐकणार नाही हे कळतंय मला.

तुम्ही लिहिलंय की भावाने जिममधल्या कुणाकडून तरी बीपीसी-१५७ (दुखापत लवकर भरते म्हणून विकतात ते), सेमाग्लुटाइड आणि टिरझेपाटाइड (शुगर आणि वजन कमी करायची इंजेक्शनं) अशी पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्यांसारखी औषधं, मिळून मागवली, लाइट गेल्यावर फ्रिजमधला बर्फ वितळला आणि स्टिकर निघून खाली पाण्यात पडले, काही वायलमध्ये पावडर आहे, काहींमध्ये आधीच पाणी घालून ठेवलंय, वर वडिलांच्या इन्सुलिनच्या बाटलीचंही लेबल गेलंय. आणि भाऊ म्हणतो टोपीच्या रंगावरून कळतं.

टोपीच्या रंगाला काही अर्थ नाही हो. प्रत्येक बनवणारा आपल्याला हवा तो रंग लावतो, पुढच्या लॉटला तोच रंग दुसऱ्याच मालावर असू शकतो. हा चोरबाजारातला माल तर बऱ्याचदा दहा वायलच्या खोक्यात मुळातच कोरा येतो, नाव घरी आल्यावर आपणच मार्करने लिहायचं, म्हणजे तुमच्या स्टिकरवर जे लिहिलं होतं तेही विकणाऱ्याचा शब्द एवढंच. आतली पावडर म्हणाल तर फ्रीझ-ड्राय केलेली पांढरी वडी, बीपीसी असो, सेमाग्लुटाइड असो, ग्रोथ हार्मोन असो, दिसायला सारखीच. पेप्टाइड स्वतः असतं काही मिलिग्रॅमच, डोळ्याला जे दिसतं त्यात बऱ्याचदा मॅनिटॉलसारखा भरणाच जास्त असतो. पाणी घातलं की सगळं पाण्यासारखं स्वच्छ. एक जीएचके-कॉपर नावाचं पेप्टाइड तेवढं तांब्यामुळे निळं दिसतं, पण ते तुमच्या यादीत नाहीच.

बरं, समजा नाव कळलं. तरी अर्धं कोडं तसंच राहतं, कारण वायल ५ मिलिग्रॅमची होती की १० की ३०, आणि त्यात पाणी किती घातलं, हे कुठे लिहिलेलं नाही. १० मिलिग्रॅमच्या वायलमध्ये २ मिली पाणी घातलं तर ०.१ मिलीत अर्धा मिलिग्रॅम येतो, १ मिली घातलं तर तेवढ्यातच एक मिलिग्रॅम. त्यात आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन प्रकारच्या सिरिंज मिळतात, लाल टोपीची, एका मिलीला ४० युनिटवाली आणि केशरी टोपीची, एका मिलीला १०० युनिटवाली. नेटवरचे सगळे हिशोब १०० वालीचे. भावाने वडिलांची लाल टोपीची सिरिंज उचलली आणि "१० युनिट" भरलं तर ०.१ ऐवजी ०.२५ मिली आत गेलं, म्हणजे अडीचपट, आणि त्याला कळणार पण नाही.

आता खरा मुद्दा. अशा वेळी "ही बहुतेक बीपीसी असेल" असा विचार करायचाच नाही, हातातली वायल त्या फ्रिजमधली सगळ्यात घातक निघाली तर काय होईल एवढंच बघायचं. टिरझेपाटाइड आठवड्याला २.५ मिलिग्रॅमने सुरू करतात, सेमाग्लुटाइड ०.२५ ने. टिरझेपाटाइड समजून २.५ मिलिग्रॅम सेमाग्लुटाइड टोचलं तर सुरुवातीच्या डोसच्या दहापट झालं. आणि ते शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण एक आठवडा लागतो, उतारा नाही, म्हणजे दिवसेंदिवस उलट्या, पोटात पाणी ठरत नाही, सलाइन लावायला ॲडमिट. ही काल्पनिक भीती नाहीये, २०२४ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी औषध नियामकाने, सेमाग्लुटाइडबद्दलच इशारा दिला होता, वायलमधून सिरिंजने भरताना लोकांनी ठरलेल्यापेक्षा ५ ते २० पट डोस घेतल्याच्या तक्रारी होत्या. आणि त्या वायलवर लेबल होतं! तुमच्याकडे तर शेजारी इन्सुलिन पण आहे. डायबेटिस नसलेल्या माणसाने चुकून इन्सुलिन घेतलं तर आठवडाभर वाट बघावी लागत नाही, काही इन्सुलिनने तासाभरातच घाम, थरथर, भ्रम, आणि तसंच राहिलं तर बेशुद्धी.

लॅबमधून तपासून घेऊ म्हणेल तो. तपासता येतं, नाही असं नाही, मास स्पेक्ट्रोमीटरवर रेणूचं वजन कळतं, सेमाग्लुटाइड साधारण ४११४, टिरझेपाटाइड ४८१४, बीपीसी १४२० च्या आसपास, फरक मोठा आहे, मशीनला लगेच दिसतो. पण आपली रक्त-लघवी तपासणारी गल्लीतली लॅब हे करत नाही. आणि सरमिसळ झाल्यावर एक वायल तपासून बाकीच्यांबद्दल काहीच कळत नाही, प्रत्येक वेगळी तपासायची, आणि तपासताना ती वायल उघडून वापरली जाते. शिवाय नाव कळलं म्हणून ती निर्जंतुक आहे हे कुठे कळलं? त्याची टेस्ट वेगळी. पाणी घालून ठेवलेल्या वायलचा तर विषयच नको, बॅक्टेरिओस्टॅटिक, म्हणजे जंतू वाढू न देणाऱ्या, पाण्यात ०.९ टक्के बेंझिल अल्कोहोल असतं म्हणून बरेच दिवस चालतं असं सांगतात, पण एकदा सुई गेलेली वायल हॉस्पिटलमध्येसुद्धा २८ दिवसांनी टाकतात, आणि इथे साधं पाणी घातलंय की ते, हेही माहीत नाही. मित्रामित्रांनी एकाच वायलमध्ये सुया घातल्या असतील तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीची तपासणी करून घ्या, लाजू नका.

भावाने यातलं काही आधीच टोचलं असेल तर घरात वडिलांचं ग्लुकोमीटर असेलच, त्यावर लगेच शुगर बघा. ७० च्या खाली असेल आणि तो शुद्धीत असेल तर साखरपाणी किंवा ग्लुकोज द्या, १५ मिनिटांनी परत बघा, आणि वर आली तरी हॉस्पिटलला न्या कारण काही इन्सुलिन दिवसभर काम करत राहतात, शुगर परत पडते. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ १०८. उलट्या थांबत नसतील, पोटातली कळ पाठीत जात असेल, टोचलेली जागा लाल गरम होऊन थंडीताप आला असेल तरी दवाखाना. जाताना सगळ्या वायल आणि सिरिंज बरोबर न्या आणि डॉक्टरांना खरं सांगा, जिमचं नाव लपवा हवं तर, औषधाचं नको.

टाकायच्या कशा, तर वायल उघडायच्या नाहीत, बेसिनमध्ये ओतायच्या नाहीत, फोडायच्या तर अजिबात नाहीत. सगळ्या एका डब्यात घालून चिकटपट्टी लावा, वर मोठ्या अक्षरात "अज्ञात औषध, वापरू नये" लिहा. सुया कॉस्टिक किंवा डिटर्जंटच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण घट्ट. मग ओळखीच्या दवाखान्यात विचारा, त्यांच्याकडे बायोमेडिकल कचऱ्याची गाडी येते, सुयांना वेगळा डबा आणि जुन्या औषधांना पिवळी पिशवी असते, बरेच जण घेतात. सगळे मेडिकलवाले घेत नाहीत, आधी फोन करा. कोणीच घेतलं नाही तर सुया आणि औषधं आहेत असं सांगून घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळं द्या. आपला कचरा कुणीतरी हाताने निवडतं हे विसरतो आपण.

वडिलांची बाटली पण टाका, आणि आजच नवी आणा. दहा मिलीची मोठी बाटली आहे म्हणून इन्सुलिन आहे हे कळेल, पण स्वच्छ दिसणारं, लवकर काम करणारं रेग्युलर की स्वच्छच दिसणारं, दिवसभर चालणारं ग्लार्जिन हे नाही कळणार, आणि बर्फाजवळ असेल तर गोठून गेलेलं असायची शक्यता आहे, गोठलेलं इन्सुलिन परत वितळलं तरी वापरत नाहीत. नवी घेताना बाटलीवर ४० आययू (युनिट) असेल तर सिरिंज लाल टोपीची, १०० असेल तर केशरी टोपीची आहे ना हे काउंटरवरच बघून घ्या.

पैशांचं म्हणाल तर गेले ते गेले. त्याला वजनच कमी करायचं असेल तर टिरझेपाटाइड मार्च २०२५ पासून आपल्याकडे रीतसर मिळतं, त्याच वर्षी वजनासाठीचं सेमाग्लुटाइडही आलं, दोन्ही डॉक्टरच्या चिठ्ठीवर, छापील लेबलसकट. बीपीसीचं तसं नाही, ते अमेरिकेत, युरोपात किंवा आपल्याकडे माणसासाठी मंजूर झालेलं औषधच नाही, आणि वाडाच्या (खेळातलं डोपिंग रोखणारी जागतिक संस्था) बंदी यादीत ते २०२२ पासून आहे, तेव्हा भाऊ पॉवरलिफ्टिंगच्या वगैरे स्पर्धांना उतरत असेल तर हेही त्याच्या कानावर घाला, बाकी कशाने नाही तर त्याने तरी ऐकेल कदाचित.