टायरमध्ये हवा भरली तरी डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझत नाही, रिसेट कसा करायचा?

रिसेट करण्याआधी हवा पुन्हा मोजा, आणि तीही गाडी थंड असताना. जळगाव-धुळ्याकडे थंडीत पहाटे पारा 10 अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी 30 च्या आसपास जातो. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधली हवा 1 पीएसआयने कमी होते. म्हणून दुपारी तापलेल्या टायरमध्ये भरलेली हवा सकाळी मोजली तर कमीच भरते आणि दिवा परत लागतो. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरच्या कडेवरचा आकडा कमाल मर्यादेचा, तो धरू नका.

ज्या गाडीत प्रत्येक चाकात सेन्सर असतो, तिथे थोडी गाडी चालवली की दिवा बहुधा आपोआप जातो. एबीएसवरून (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) हवेचा अंदाज घेणारी सिस्टीम असेल तर मात्र मेनूमधून किंवा रिसेटचं बटण दाबून नवं प्रेशर नोंदवावं लागतं. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तिकेत बघा.

सुरू करताना दिवा मिनिटभर लुकलुकून मग सलग पेटलेला राहत असेल तर बिघाड सेन्सरचा किंवा सिस्टीमचा आहे, तिथे हवा भरून उपयोग नाही. आणि एकच टायर वारंवार उतरत असेल तर कृपा करून रिसेट करत बसू नका, आधी पंक्चर काढून घ्या. उन्हाळ्यात भुसावळ-धुळे हायवेवर कमी हवेचा टायर तापून फुटू शकतो.