संगणक-शंका: साडेतीन गिगाहर्ट्झची वाट पाहू का?

प्रश्न: मी मूर्तिजापूर तालुक्यातला. लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतो. घर टिनाचं आहे. माझं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड आता दमलंय. यंदा सोयाबीनचे पैसे हाती आले की नवं घ्यायचं ठरवलं होतं. पण मित्र म्हणतात, थांब, पुढच्या चिप साडेतीन-चार गिगाहर्ट्झवर धावणार आहेत आणि त्यांचं कूलिंगही नवीन असेल. थांबू का? आणि वॉटर कूलिंगवालं कार्ड घेतलं तर उन्हाळ्यात मशीन बंद पडणं थांबेल का?

उत्तर: दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

दर्यापुरात माझं दुरुस्तीचं दुकान सतरा वर्षांपासून आहे. मार्च संपत आला की एकच तक्रार येते, "भाऊ, रेंडर लावलं की मशीन मधातच बंद पडून राह्यली." (रेंडर म्हणजे एडिट झालेला व्हिडिओ मशीनने पूर्ण तयार करणं.) आणि त्यामागोमाग मागणी येते, वॉटर कूलिंग लावून द्या. पाण्याने गारवा येतो हे आपण लहानपणापासून माठात आणि घरच्या कूलरमध्ये पाहत आलोय, म्हणून हा समज पक्का बसलाय. पण कूलरच्या ताट्यांवरचं पाणी उडून जातं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. वैशाखातली ४५ अंशांची कोरडी हवा ओल्या ताटीतून तिशीच्या आसपास उतरते ती त्यामुळे. ग्राफिक्स कार्डाच्या वॉटर कूलिंगमधलं पाणी नळ्यांत बंद असतं. ते चिपपाशी तापतं, उष्णता रेडिएटरपर्यंत वाहून नेतं आणि तिथला पंखा ती खोलीत सोडतो. खोली ४२ अंशांवर असेल तर ते पाणी ४२ च्या खाली कधीच जाणार नाही. हीट पाइप नावाच्या बंद नळ्यांचं आणि व्हेपर चेंबर नावाच्या चपट्या बंद डबीचंही तसंच. आतलं थोडंसं पाणी चिपपाशी वाफ होतं, थंड टोकाला पुन्हा पाणी होऊन परत येतं. इतक्या छोट्या जागेत हे सतत चालतं याचं मला आजही कौतुक वाटतं, पण शेवटी उष्णता जाते ती खोलीच्याच हवेत.

दुकानातल्या आरटीएक्स ३०६० वर मी हे मोजून पाहिलंय. डिसेंबरात खोली २४ अंश, रेंडर चालू असताना चिप ६६. मे महिन्यात खोली ४१, पंख्याचा वेग तोच, रेंडरही तेच, चिप ८३. दोन्ही वेळा फरक ४२ अंशांचाच. हीटसिंक (चिपवरची धातूची पाती) आणि पंखा हा फरक ठरवतात, चिपचं तापमान नव्हे. यूट्यूबवरच्या चाचण्या वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत होतात. तिथे ७० दिसलं की त्यात आपल्या उन्हाळ्याचे वीस मिळवायचे. ९० च्या आसपास बहुतेक चिप स्वतःच क्लॉक, म्हणजे आपला धावण्याचा वेग, खाली आणतात, म्हणजे ज्या मेगाहर्ट्झसाठी पैसे मोजले तेच ऐन लग्नसराईत हातचे जातात.

हा फरक वाढतो वॅटमुळे. २०१६ चं जीटीएक्स १०८० हे १८० वॅटचं होतं. २०२० चं आरटीएक्स ३०९० आलं ३५० वॅटचं, २०२२ चं ४०९० आलं ४५० चं आणि जानेवारी २०२५ मधलं ५०९० तर ५७५ वॅटचं. ५७५ वॅट म्हणजे जुन्या शंभराच्या पिवळ्या बल्बांपैकी जवळपास सहा, टिनाखाली, रेंडर संपेपर्यंत. ही कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने त्या कार्डात चिपवर द्रवरूप धातू लावला आणि दोनच स्लॉटच्या जाडीत ते गार ठेवलं, हे मोठंच काम आहे. तरी ती सगळी उष्णता तुमच्या खोलीतच येणार.

आता क्लॉकचं. १०८० चा बूस्ट क्लॉक, म्हणजे जोर लावल्यावरचा वेग, १७३३ मेगाहर्ट्झ होता (हजार मेगाहर्ट्झ म्हणजे एक गिगाहर्ट्झ), ४०९० चा २५२०. आणि त्यानंतरच्या ५०९० चा? २४०७. नव्या पिढीत आकडा खाली आला. अफवा अशाच फुगतात: २०२२ मध्ये ४०९० येण्याआधी ६०० वॅटची आवई होती, आलं ४५० चं. प्रतिस्पर्धी एएमडीचं आरएक्स ७९०० एक्सटीएक्स तीन गिगाहर्ट्झच्या वर जाणार अशी चर्चा होती, डब्यावर आला अडीच. त्यांच्याच २०२५ च्या ९०७० एक्सटीने कुठे २९७० गाठला.

कारण साधं आहे. चिप खाते ती वीज क्लॉकच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. क्लॉक दहा टक्के चढवायला व्होल्टेजही दहा टक्के चढवावं लागलं, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे वीज ३३ टक्के जास्त. पूर्वी ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधला बारीक स्विच, लहान झाला की व्होल्टेजही उतरायचं. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडलेला तो नियम २००५-०६ च्या सुमारास थकला, तेव्हापासून प्रत्येक मेगाहर्ट्झ महाग झालाय. चिप घडवणाऱ्या टीएसएमसी कंपनीच्या ३ नॅनोमीटर प्रक्रियेत ५ नॅनोमीटरच्या तुलनेत त्याच विजेत १०-१५ टक्के वेग मिळतो, किंवा त्याच वेगात २५-३० टक्के वीज वाचते. म्हणून माझा अंदाज सांगतो: पुढची गेमिंग कार्डं तीन गिगाहर्ट्झच्या अलीकडे-पलीकडे राहतील, वाढ येईल ती कोअरच्या संख्येत आणि मेमरीत. चारचा आकडा मी तरी धरणार नाही. आणि नव्या रचना आधी डेटासेंटरकडे जातात. एनव्हिडियाने खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिन यांचं नाव दिलेली पुढची रचनाही आधी तिकडचीच म्हणून जाहीर केली.

तेव्हा थांबू नका. तुमच्या कामात क्लॉकपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. तुमचा कॅमेरा १०-बिट ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगाची जास्त माहिती साठवणाऱ्या प्रकारात, शूट करत असेल, तर ५० मालिकेची कार्डं तो व्हिडिओ हार्डवेअरमध्येच उलगडतात. टाइमलाइन अडखळते ती बहुतेक तिथेच. १४५ वॅटचं ५०६० किंवा हात पोचत असेल तर १८० वॅटचं ५०६० टीआय, तेही १६ जीबीचं घ्या. मग आफ्टरबर्नर हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकून पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाने खायच्या विजेची मर्यादा, ८० टक्क्यांवर आणा. माझ्या ३०६० वर दहा मिनिटांच्या रेंडरला अर्धं मिनिट जास्त लागलं, पण मे महिन्यात चिप ८३ वरून ७५ वर आली. वर सांगितलेला तोच हिशेब, उलट्या बाजूने. उरलेले पैसे चांगला पॉवर सप्लाय आणि यूपीएस यांत घाला. संध्याकाळी फीडरवर लोड आला की आपल्याकडे व्होल्टेज कसं पडतं हे तुम्हाला सांगायला नको.

प्रश्न: अकोटला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. कूलर थेट कॉम्प्युटरवर सोडला तर चालेल का?

उत्तर: ताई, थेट नको. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी ताटीवर कसा पांढरा थर धरतं ते तुम्ही पाहतच असाल. कूलरच्या फवाऱ्याचे बारीक थेंब मदरबोर्डवर सुकले की तोच क्षार तिथे बसतो. गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे असा एक बोर्ड आला होता, रॅमच्या खाचेत मीठ दिसत होतं. कूलर खिडकीत लावा, हवा मशीनच्या बाजूने जाऊ द्या आणि समोरचं दार उघडं ठेवा. दार बंद असलं की दमट हवा कोंडते आणि कूलरही गार करत नाही. जवळ जिनिंग असेल तर कापसाची रुई हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखी बसते. ती दर पंधरा दिवसांनी मऊ ब्रशने काढा, पंखा बोटाने धरून.