घरातले सगळे एकत्र जेवायला बसावेत यासाठी काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की घरात माणसं पाच आणि जेवणाच्या वेळाही पाच, मुलं ताट घेऊन रूममध्ये जातात, मोबाईल बघत जेवतात, आणि पूर्वी जसे सगळे एकत्र जेवायचे तसं आता राहिलं नाही, तर काय करावं. आमच्याकडे दीड वर्षापूर्वी अगदी हीच परिस्थिती होती म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही मूळचे जळगाव जिल्ह्यातले, आता पुण्यात असतो. मी, बायको, मुलगा अकरावीला, मुलगी पाचवीला आणि वडील गेल्यापासून आई आमच्याकडे. आई संध्याकाळी सातलाच जेवून घ्यायची, मुलं साडेआठला, मी ऑफिसमधून येऊन साडेनऊला, आणि बायको प्रत्येकाला गरम पोळी करून देता देता सगळ्यात शेवटी, ते पण बऱ्याचदा ओट्यापाशी उभ्यानेच. मी दोनतीन वेळा नियम काढला की मोबाईल हॉलमध्ये ठेवायचे आणि नऊ वाजता सगळ्यांनी टेबलवर यायचं. चार दिवस चालायचं, पाचव्या दिवशी कुणाचा तरी क्लास, कुणाचं डोकं दुखतंय, झालं बंद.

मग एकदा चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी गावाकडून भावाने रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये भरताच्या वांग्यांची पिशवी टाकून दिली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्याकडची भरताची वांगी वेगळी असतात, लांबट, मोठी, फिकट हिरवी आणि त्यावर पांढरट रेघा, आत बिया कमी. बामणोद, आसोदा या भागातली तर फारच नावाजलेली, जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन पण मिळालं. पुण्यात मिळणाऱ्या काळ्या जाड वांग्याचं भरीत मी खातो, पण ते मला आमचं भरीत वाटत नाही, ते नाहीच ते. आणि चातुर्मासात आमच्या घरात वांगं, कांदा, लसूण बंद असतं, ते चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवूनच सुटतं, त्यामुळे त्या दिवसाची वाट बघितली जाते.

आता भरीत ही एकट्याने करायची गोष्टच नाही. गावाकडे शेतात तुराट्यांवर नाहीतर कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजतात, एक जण जाळ सांभाळतो, एक उलटवतो, दोघंतिघं सोलायला बसतात, कुणी मिरच्या भाजतंय, कुणी पात चिरतंय, आणि मग बडजीत ठेचायचं. बडजी म्हणजे जाड लाकडाचं खोलगट भांडं, त्यात लाकडी मुसळीने ठेचतात. मिक्सरमध्ये फिरवलं की त्याची चटणी होते, ठेचलं की रेषा राहतात, फरक लगेच कळतो. आई गाव सोडून आमच्याकडे आली तेव्हा तिने साड्या मोजक्याच आणल्या पण बडजी आणली होती, आणि दोन वर्षं ती आमच्या माळ्यावर पडून होती, मला त्याचं आता फार वाईट वाटतं.

त्या दिवशी रविवार नव्हता तरी मी लवकर घरी आलो. फ्लॅटमध्ये काड्या पेटवता येत नाहीत म्हणून गॅसवरच, दोन्ही बर्नरवर जाळी ठेवून वांगी लावली. मुलाला उलटवायच्या कामावर बसवलं. आईने त्याला आधी सुरीने टोचे मारायला लावले, नाहीतर वांगं फुटून गर बाहेर येतो. मुलगी लसूण सोलत होती, बायकोने कांद्याची पात चिरली, मी शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप तेलात तळून घेतले. वांगी भाजून झाल्यावर मुलगा ती नळाखाली धरून सोलायला निघाला, आई जवळजवळ ओरडलीच, अरे सगळा धूर वाहून जाईल. पाण्याची वाटी जवळ ठेवायची, बोटं बुडवायची आणि हाताने सालं काढायची, देठ तसंच ठेवायचं धरायला. मग हॉलमध्ये गोधडीची घडी घातली, खालच्या मजल्यावर दणके जाऊ नयेत म्हणून, त्यावर बडजी ठेवली आणि आधी भाजलेल्या मिरच्या, लसूण, मीठ ठेचलं, मग वांगी. पाळीपाळीने सगळ्यांनी ठेचलं, मुलीने पण.

आणि हे सगळं चाललं असताना मुलाने सहज विचारलं, आजी, तुमच्याकडे गावाला सगळे एकत्र जेवायचे ना, मग तू इथे सातलाच एकटी का जेवतेस?

आई म्हणाली, "आम्ही कुठे एकत्र बसायचो रे. आधी पुरुष, मग पोरं, मग आम्ही बाया. ज्वारीच्या भाकरी तव्यावरून ताटात पडायला पाहिजेत, मग करणारीने कधी बसायचं? मला चारचौघांत बसून खायची सवयच नाही. आणि तुझी आई पोळ्या करत उभी राहते आणि मी बसून खाते हे मला बघवत नाही, म्हणून मी आधीच दुपारची पोळी खाऊन मोकळी होते."

मी चाळीस वर्षं तिचा मुलगा आहे आणि हे मला माहीत नव्हतं. म्हणजे दिसत होतं सगळं, लहानपणी मी स्वतः पहिल्या पंगतीत बसून गरम भाकरी खाल्लेली आहे, आई सगळ्यांचं झाल्यावर चुलीपाशी बसायची हे डोळ्यांसमोर आहे, पण माझ्या आठवणीत ते "आम्ही सगळे एकत्र जेवायचो" असंच साठवलेलं होतं. म्हणून तुमच्या प्रश्नातलं "पूर्वी सगळे एकत्र जेवायचे" हे वाचून थांबलो. तुमच्या घरी असेलही तसं, पण एकदा घरातल्या मोठ्या बाईला विचारून बघा, खरंच विचारा.

मग आईच पुढे म्हणाली की शेतात भरीत असायचं तेव्हा मात्र आम्ही पण सगळ्यांबरोबर बसायचो. का, तर कळण्याच्या भाकरी घरून करून नेलेल्या असायच्या, फडक्यात बांधून. कळणं म्हणजे ज्वारी आणि अख्खे काळे उडीद एकत्र दळलेलं पीठ. त्याची भाकरी गार झाली तरी चांगली लागते, उलट मला तर गारच आवडते. शेतात तवा नाही, चूल नाही, म्हणजे कुणाला उठून वाढायचं कारणच नाही, सगळे एकदम बसणार.

हे ऐकल्यावर बायकोने काय केलं, गॅसवर तवा ठेवला आणि म्हणाली आज सगळ्या भाकरी आधीच करून टाकू. आई थापत गेली, ती शेकत गेली, अर्ध्या तासात नऊ भाकरी फडक्यात. मग पातेल्यात तेलावर पात परतून, शेंगदाणे, खोबरं, कोथिंबीर घालून भरताला फोडणी, थोडं भरीत तसंच कच्चं बाजूला ठेवलं कारण आईला कच्चंच आवडतं वरून तेल घेऊन. देवाला नैवेद्य दाखवला. आणि हॉलमध्ये जमिनीवर पाच ताटं मांडली, मधे भाकऱ्यांचं गाठोडं, भरताचं पातेलं, कांदा, मुळा. कुणालाही उठायची गरज नव्हती. मोबाईलचं मी काही बोललो नाही, सगळ्यांचे हात भरताने माखलेले होते, कोण घेणार मोबाईल.

आई त्या दिवशी सव्वानऊला जेवली. तिसरी भाकरी बायकोने तिच्या ताटात वाढली तेव्हा ती नको नको म्हणाली आणि खाल्ली.

तर माझं उत्तर हे आहे की मुलांचे मोबाईल नंतर बघा, आधी गरम पोळीचा हट्ट सोडा. तव्यावरून थेट ताटात पोळी हवी असेल तर घरातलं एक माणूस कायम उभंच राहणार, आणि एक जण उभं असेपर्यंत ती पंगत पूर्ण होतच नाही, मग बाकीचे पण येतील तसे येतात आणि खाऊन जातात कारण एकत्र बसण्यासारखं तिथे काही नसतंच. हे मला आधी कधीच सुचलं नव्हतं, सुचणार कसं, माझ्या ताटात गरम पोळी पडत होती.

आता आमच्याकडे रोज पोळ्या साडेआठच्या आत होतात आणि डब्यात सुती फडक्यात गुंडाळून ठेवतो, वीसपंचवीस मिनिटांनी सगळे बसेपर्यंत त्या कोमट आणि मऊ असतात. कणीक थोडी सैल मळायची आणि कमीत कमी अर्धा तास मुरू द्यायची, मग वातड होत नाहीत. मला जमतील तेव्हा पोळ्या मी शेकतो. भाजी-आमटीची भांडी सगळी मधे, ज्याने त्याने वाढून घ्यायचं. एवढंच. रोज पाचही जण असतात असं नाही, मुलाचा क्लास असतो, पण आठवड्यातून चारपाच दिवस तरी सगळे असतो.

दुसरं म्हणजे जेवायला बोलावण्याच्या आधी कामाला बोलवा. मुलांना "चला जेवायला" म्हटलं की ती जागची हलत नाहीत पण मेथी निवडायला परात मधे ठेवली, मटार सोलायला घेतले, गवार मोडायला घेतली आणि काही न बोलता आपण बसलो की थोड्या वेळाने कुणीतरी येऊन बसतं. मान खाली, हात कामात, समोरच्याच्या डोळ्यात बघायचं नसतं, मग बोलणं आपोआप निघतं. माझ्या मुलाने अकरावीला सायन्स घेऊन चुकलो असं मला पहिल्यांदा सांगितलं ते मटार सोलताना, जेवताना कधीच बोलला नसता. त्यावर मग आम्ही काय केलं तो वेगळा विषय आहे.

आणि जास्त करा, थोडं शेजारी द्या. त्या दिवशी समोरच्या मालवणच्या काकूंना वाटीभर भरीत आणि दोन भाकऱ्या दिल्या, वाटी दुसऱ्या दिवशी सोलकढी भरून परत आली, रिकामं भांडं परत द्यायचं नाही हे सगळीकडे सारखंच. खाली रात्रपाळीचे वॉचमन बिहारचे आहेत, मुलगी त्यांना ताट द्यायला गेली तर ते म्हणाले ये तो हमारा चोखा है, आणि त्यांनी तिला सांगितलं की त्यांच्याकडे वांगं असंच भाजतात, वरून कच्चं मोहरीचं तेल घालतात आणि लिट्टीबरोबर, म्हणजे कणकेच्या भाजलेल्या गोळ्यांबरोबर खातात. मुलगी धावत वर येऊन आजीला सांगत होती की त्यांच्याकडे पण भरीत असतं. आईने पुढच्या वेळी मुद्दाम त्यांच्यासाठी मोहरीचं तेल आणायला लावलं आणि त्यांचा वाटा वेगळा कालवला.

कुणाला करून बघायचं असेल तर सहा माणसांना दोन किलो वांगी लागतात, सोलून बरंच कमी होतं. हिरव्या मिरच्या पंधरावीस, आमच्याकडे तिखट खातात, तुम्ही आठदहा घ्या, लसणाचे दोन गड्डे, कांद्याच्या पातीच्या दोन जुड्या, वाटीभर शेंगदाणे, हळद अजिबात नाही, टोमॅटो तर नाहीच नाही. कळण्याला चार वाटी ज्वारीला एक वाटी अख्खे उडीद, गिरणीत जरा भरडसर दळून आणायचं, मीठ पिठातच. भाकऱ्या आधी करा, सगळ्या, आणि त्या फडक्यात गुंडाळून झाल्या की मगच वांगी ठेचायला घ्या, म्हणजे जिने भाकरी थापली तिच्याही हातात मुसळी येते.