चंदगडमध्ये "रोजगाराला माणूस मिळत नाही" आणि "गावात काम नाही" ही दोन्ही वाक्यं खरी कशी? काजू कारखान्यासाठी मजुरी किती धरावी?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यात दहाएक बायकांच्या हातावर चालेल असा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना काढायचा आहे. शेतकरी सांगतात की रोजगाराला माणूस मिळत नाही, तरुण सांगतात की गावात काम नाही. खरं कोणाचं, आणि मजुरीचा आकडा काय धरायचा?

दोघांचंही खरं. शेतकरी जून-जुलैबद्दल बोलतोय, तरुण पोरगा डिसेंबरबद्दल. शिवाय शेतकऱ्याला हवी आहेत भांगलणीला, म्हणजे तण काढायला, वाकणारी माणसं, आणि पोराला हवी आहे महिन्याच्या महिन्याला पगार देणारी नोकरी. एकाच गावात दोन वेगवेगळे बाजार चाललेत. म्हणून "इथं हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, किती आहे?" एवढंच विचारत फिरलात तर प्रत्येक जण प्रामाणिक आकडा सांगेल आणि तुमचा हिशेब तरीही चुकेल. हजेरीसोबत ती वर्षात किती दिवस मिळते हे विचारा. ग्रामीण मजुरीचा सगळा घोळ त्या दिवसांत आहे.

आधी चंदगडचं वर्ष कसं फिरतं ते बघू. मेच्या शेवटी धूळवाफ पेरणी, पाऊस लागला की रोप लावण आणि रताळ्याच्या वेलांची लागण. या दिवसांत मजुरी सगळ्यात चढी, आणि तरीही बाई मिळत नाही, कारण तिचं स्वतःचं शेतही त्याच आठवड्यात असतं. बरीच घरं पैशांऐवजी पैऱ्यानं काम करतात. आज तुझ्याकडे चार बाया, परवा माझ्याकडे चार. हा पैरा कुठल्याच मजुरीच्या आकड्यात दिसत नाही, पण तुमच्या कारखान्यातली बाई मात्र तोच ओढून नेतो. तिनं पैरा चुकवला तर पुढच्या वर्षी तिच्या शेतात कोणी उतरणार नाही. दिवसाला पन्नास रुपये वाढवून देऊन हे सुटत नाही.

ऑगस्ट-सप्टेंबर भांगलण आणि गणपती. मग ऑक्टोबरच्या मध्यापासून सुगी: भातकापणी, मळणी, रताळी काढून बेळगावच्या बाजाराला पाठवणं. सुगी उतरली की भाताच्या पट्ट्यात एकदम सामसूम. ऊस असलेल्या गावांत नोव्हेंबर ते मार्च तोड चालते, आणि फेब्रुवारीपासून मेपर्यंत काजू बी गोळा करायची धांदल. ही शेवटची गोष्ट तुमच्यासाठी अडचणीची आहे. तुम्ही बी विकत घ्यायला बाहेर पडाल, त्याच दिवसांत तुमच्या बायका बागेत बी वेचायला गेलेल्या असतील.

आता दर वाढला म्हणजे उत्पन्न वाढलं का, हे ऊसतोडीवरून तपासा. जानेवारी २०२४ मध्ये राज्य पातळीवर करार झाला आणि तोडणीचा दर ३४ टक्के वाढला, टनाला साधारण २७३ रुपयांवरून ३६६ रुपये. ऐकायला मोठी वाढ आहे. पण तोडीचा हिशेब कोयत्यावर चालतो आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको. दोघांनी मिळून दिवसाला दोन टन तोडला असं धरलं तर माणशी एक टन पडतो. पूर्वी हंगाम १५० दिवस चालला असं धरा: २७३ गुणिले १५०, म्हणजे ४०,९५०. आता कारखान्यांची गाळपक्षमता वाढली आहे, ऊस तेवढाच किंवा कमी आहे, त्यामुळे हंगाम लवकर आटोपतो. ११० दिवस धरले तर ३६६ गुणिले ११०, म्हणजे ४०,२६०. दिवसांचे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, तुमच्या भागातल्या कारखान्याचे खरे दिवस घालून बघा. दर एक तृतीयांशानं वाढूनही हंगामाची कमाई जागच्या जागी राहू शकते. यात मुकादमाची उचल फेडायची असते, आणि दुसऱ्या बाजूला वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून चार पैसे सुटतात, शेतकऱ्याकडून खुशाली, म्हणजे दरावर वरकड पैसे, मिळते. खुशाली कुठल्याच कागदावर नसते, त्यामुळे करारातला दर आणि हातात पडणारी रक्कम यांचा मेळ बसत नाही. त्यात तोडणी यंत्रं जिथं आली, तिथं सपाट आणि मोठे फड यंत्राला जातात आणि टोळीच्या वाट्याला उताराचे, अडचणीचे तुकडे राहतात. तिथं माणशी टनही घटतो.

सरकारी आकडे बघणार असाल तर प्रत्येकाची खोट माहीत असू द्या. २०११ ची जनगणना हीच अजून गावपातळीवरची शेवटची मोजणी आहे, पुढची २०२७ मध्ये. तिच्यात वर्षात सहा महिन्यांपेक्षा कमी काम केलेला माणूस 'सीमांतिक' गटात पडतो. चंदगडसारख्या हंगामी कामावर चालणाऱ्या तालुक्यात हा रकाना मुख्य कामगारांच्या रकान्याइतकाच काळजीने वाचायला हवा. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योग सोडले तर बाकी सगळे 'इतर कामगार'. त्यात शिक्षकही आला, वडापचा, म्हणजे खासगी प्रवासी गाडीचा, ड्रायव्हरही आला. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण, म्हणजे केंद्र सरकारची रोजगाराची पाहणी, त्यातली बेकारी बघून चंदगडचा निष्कर्ष काढू नका. त्या सर्वेक्षणाचा नमुना तालुक्यापर्यंत पुरत नाही. आणि ग्रामीण बेकारी त्यात कमी दिसण्याचं मोठं कारण म्हणजे घरच्या शेतात बिनपगारी हात लावणाराही 'कामावर' धरला जातो. नेहमीच्या स्थितीच्या, म्हणजे मागच्या वर्षभराचं काम बघणाऱ्या, मोजणीत वर्षात तीसेक दिवसांचं दुय्यम कामही पुरतं. बापाच्या दीड एकरात मुलगा, त्याचा भाऊ, भावजय, पुतण्या असे चौघे राबले तर चौघेही रोजगारात. तुम्हाला माणूस मिळेल का, याचं उत्तर त्यातून निघत नाही.

भविष्य निर्वाह निधीच्या नव्या खात्यांवरून नोकऱ्या वाढल्या असंही काही जण मांडतात. ती नोंद वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांची. तुमच्यासारख्या दहा बायकांच्या कारखान्याची तिथं नोंदच नाही. जिल्हा सांख्यिकी कार्यालयाचं 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' मात्र जरूर चाळा. पीक क्षेत्र, पाऊस, जनावरं हे तालुकावार मिळतं आणि त्यावरून कामाचे महिने ताडता येतात.

मजुरी खरंच किती वाढली याला एक सोपा दोरा आहे: रोजगार हमीचा दर. महाराष्ट्रात तो २०१९-२० मध्ये २०६ रुपये होता, २०२२-२३ मध्ये २५६, २०२४-२५ मध्ये २९७ आणि २०२५-२६ मध्ये ३१२. पहिल्या पाच वर्षांत, २०६ ते २९७, वाढ ४४ टक्के. त्यातून शेतमजुरांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाची वाढ वजा केली की खरी वाढ एक आकडी टक्क्यांवर येते. गावातली हजेरीही याच पद्धतीनं तपासा: पाच वर्षांपूर्वी काय होती, आज काय आहे, आणि निर्देशांक किती हलला. निर्देशांकाचं आधारवर्ष २०२५ मध्ये बदललं आहे, त्यामुळे जुना आणि नवा आकडा थेट भागू नका, आधी जोडगुणक, म्हणजे दोन्ही मालिका जोडणारा आकडा, लावा. हमीचा दर वाढूनही गावात त्या कामावर गर्दी का नाही, याचं कारण दरापेक्षा पैसे खात्यावर कधी पडतात यात जास्त आहे. दिवस मावळता रोख देणारा शेतकरी वीस रुपये कमी देऊनही माणूस नेतो.

"लाडक्या बहिणीमुळे बाया कामाला येईनात" हे तुम्हाला दहा जण सांगतील. गणित करा. महिन्याला १५०० रुपये म्हणजे ३०० च्या हजेरीनं पाच दिवस. त्यानं भर उन्हातलं नकोसं काम एखादी बाई टाळू शकेल, वर्षभराचं काम सोडणार नाही. माझ्या मते खरा परिणाम एवढाच की आता तिला उचल देऊन बांधून ठेवणं अवघड झालंय. ते वाईट नाही.

बायकांच्या कामात आणखी एक मोठा वाटा मोजमापाबाहेर राहतो, तो म्हणजे दूध. सकाळ-संध्याकाळची धार, वैरण, शेण, डेअरीला कॅन पोचवणं. दूध संस्थेचं बिल दर दहा दिवसांनी होतं, दिवाळीला फरक मिळतो, पण सभासद बहुतेक घरचा पुरुष. जनगणनेच्या रकान्यात ती बाई 'काम न करणारी' म्हणून गेलेली असू शकते, आणि तुम्ही तिला सकाळी आठला बोलावलं तर ती येणार नाही. दहाला बोलावा, येईल. कारखान्याची वेळ दोन धारांच्या मध्ये बसवली तर हजेरी न वाढवता माणसं मिळतात. नवखा मालक हेच विसरतो आणि मग पैशांनी माणसं ओढायला बघतो.

तरुण पुरुष मात्र तुमच्या हिशेबात धरूच नका. करवीर, कागल, हातकणंगल्याचा पोरगा घरी राहून शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित वसाहतीत पाळी करू शकतो. चंदगडहून कोल्हापूर शंभरएक किलोमीटर पडतं, रोजचं जाणं-येणं होत नाही. म्हणून इथला पोरगा बेळगावच्या उद्यमबागेत, गोव्यात नाहीतर मुंबईत. तालुक्यात हलकर्णीची औद्योगिक वसाहत आहे, पण ती सगळ्यांना पुरणारी नाही. बाहेरून "१८ हजार पगार" असं ऐकू आलं तर पाळी किती तासांची ते विचारा. बारा तासांची असेल तर आठ तासांना बाराच हजार पडतात, आणि कायद्यानं जादा तासांना दुप्पट दर हवा असतो. खोलीभाडं आणि जेवण वजा केलं की राहतं ते गावच्या गवंड्याच्या हजेरीजवळ येऊन थांबतं. फरक हा की ते बारा महिने मिळतं, आणि लग्न ठरवताना "कंपनीत आहे" म्हणता येतं. दुसरं कारण हसण्यावारी नेऊ नका.

आता तुमचा कारखाना. ८० किलोच्या पोत्यातून साधारण २० ते २४ किलो गर मिळतो. समजा रोज दोन पोती, दहा बायका, हजेरी ३००. मजुरी ३,०००, गर ४४ किलो धरला तर किलोला ६८ रुपये. हा आकडा तुमच्या कोष्टकात असेलच. पण कारखाना ३०० दिवस चालवायचा आणि एक बाई पैरा, सुगी, गणपती, जत्रा, आजारपण धरून २२० दिवसच येणार, तर रोज दहा बायका उभ्या करायला पटावर चौदा हव्यात. म्हणजे चौदा जणींना शिकवणं आलं, आणि शिकाऊ हातानं गर फुटतो. ते नुकसान तुमच्या मजुरीच्या खर्चातच मोजा, कारण अख्खा गर आणि तुकडा यांच्या भावात बरंच अंतर असतं.

फोडणीला, म्हणजे बी फोडण्याला, किलोवर दर दिला की वेग येतो आणि अख्ख्याचं प्रमाण घसरतं. नुसत्या हजेरीवर ठेवलं तर उलटं होतं. म्हणून फोडणी आणि सोलणीला अख्ख्या गराच्या किलोवर दर आणि तुकड्याला कमी दर, प्रतवारी आणि भट्टी हजेरीवर, अशी विभागणी चालते. पण बी नीट वाळली नसेल किंवा वाफ कमी-जास्त झाली तर गर फुटतो तो बाईच्या हातून नव्हे, तरी दर तिचा कापला जातो. दोन आठवड्यांत त्या बायका शेजारच्या कारखान्यात दिसतील. वाफेचा आणि वाळवणीचा प्रत्येक घाणा, म्हणजे एका वेळचा माल, वेगळा ठेवा, त्याची नोंद ठेवा, आणि वाईट घाणा निघाला तर त्या दिवशी हजेरीच द्या. टरफलातल्या तेलानं बोटं सोलवटतात. हातमोजे आणि हाताला लावायचं तेल मालकानं पुरवायचं.

किलोचा दर ठरवताना तळाशी किमान वेतन हवंच. ते मूळ वेतन अधिक विशेष भत्ता असं असतं, भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, आणि परिमंडळाप्रमाणे दर वेगळा. सहायक कामगार आयुक्त कार्यालयातून तुमच्या उद्योगाचा चालू तक्ता घ्या. सरासरी बाई दिवसभरात किलोवर जे मिळवेल ते त्या तक्त्याखाली जाता कामा नये. दहा माणसं झाली की कर्मचारी राज्य विम्याचा प्रश्न येतो, त्यामुळे पटावर चौदा ठेवताना हा खर्च आधीच धरा.

माल साठवायला भांडवल असेल तर वर्षाची आखणी कामाच्या महिन्यांवर करा. डिसेंबर-जानेवारीत आणि ऑगस्ट-सप्टेंबरात जास्त पोती काढा, जून-जुलै आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून महिनाभर निम्म्यावर या. त्यासाठी एप्रिल-मेमध्ये घेतलेली बी पावसाळ्यात टिकायला हवी. दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून, खाली फळ्या टाकून, भिंतीपासून लांब थप्पी लावा. चंदगडच्या पावसात ओलसर राहिलेली बी सप्टेंबरपर्यंत बुरशी धरते, आणि मग पटावर चौदा बायका असूनही फोडायला माल नसतो.